खाणारेही आपणच

“आपला समुद्र, आपला मासा, आणि खाणारेही आपणच!” पेट्रॉकने टेबलावर मूठ आपटली आणि चॅपेलचा हॉल टाळ्यांनी दणाणला.

युरोपच्या संघातून बाहेर पडायचं की आत राहायचं, यावर मतदानाला बारा दिवस उरले होते. कॉर्नवॉलच्या त्या लहानशा बंदरातलं निम्मं गाव त्या दुपारी हॉलमध्ये कोंबलं होतं. ‘आत राहा’ म्हणणारा गृहस्थ शहरातून आलेला. कडक इस्त्रीचा सदरा, हातात कागद. त्याने वीस मिनिटं टक्के वाचले आणि गावाने वीस मिनिटं जांभया दिल्या. पेट्रॉकला कागद लागला नाही. होड्या कमी करायच्या संघाच्या, ब्रसेल्सच्या नियमापायी त्याच्या बापाची होडी किनाऱ्यावर ओढून करवतीने कापली, तेव्हा तो शेजारी उभा होता.

“आधी माणूस मारायचा आणि मग शवपेटीचे पैसे द्यायचे, याला हे लोक भरपाई म्हणतात!”

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. “बाबा, काल जेवायला काय होतं?”

केरेन्सा. त्याची मुलगी. नऊ वर्षं त्याच्याच होडीवर खेकड्यांचे सापळे ओढत होती. ऑक्टोबरात तो होडी तिच्या हवाली करणार होता, हे बंदरातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं.

“सॉसेज,” पेट्रॉक म्हणाला. “का गं?”

“आणि परवा?”

“मटण-बटाटा. तूच तर केलंस!”

हॉल हसला. केरेन्सा हसली नाही. ती चहाच्या खोलीत गेली, मोठी थाळी घेऊन आली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. थाळीत उकडलेला लांबतंगड्या खेकडा होता. लालभडक, पाठभर काटे, थाळीबाहेर लोंबणाऱ्या तंगड्या.

“खा,” ती म्हणाली. “दहा पाट्या पकडतो आपण. त्यातल्या नऊ याच्या असतात. सगळा माल आन्शोच्या गाडीतून जिवंत स्पेनला जातो. उद्या बाहेर पडलो, गाडी सरहद्दीच्या नाक्यावर अडकली, दोन दिवस कागद तपासत बसले, की सगळे मेले. मग मी होडी घेऊन काय करू? त्यात फुलझाडं लावू? तू म्हणतोस, आपणच खाऊ. मग खा ना.”

पेट्रॉकची मान तापली. बेचाळीस वर्षं त्याने हे जनावर समुद्रातून काढलं होतं, आणि एकदाही तोंडात घातलं नव्हतं. त्याच्या बापानेही नाही. गावात कुणीच नाही. आजोबा तर त्याला सापळ्यातून काढून, शिवी हासडून, परत पाण्यात फेकायचे.

त्याने खिशातला चाकू काढला आणि पाठीवर टेकवून दाबला. चाकू निसटला. खाऱ्या पाण्याची चिळकांडी त्याच्या नव्या सदऱ्यावर उडाली.

“अरे, बापजन्मी पाहिलाय का कधी?” क्लॅरेन्स ओरडला. मघाशी सगळ्यात मोठ्याने टाळ्या पिटणारा हाच.

दाराशी स्पेनचा व्यापारी आन्शो उभा होता, हातात चहाचा कप. पंधरा वर्षं दर शनिवारी गाडी घेऊन यायचा. गाडी आत्ताही धक्क्यावर होती, टाक्यांत समुद्राचं पाणी भरून. त्याला इथे मत नव्हतं, म्हणून तो तोंड मिटून होता. त्याने कप खिडकीत ठेवला, पुढे आला, खेकडा उताणा केला, पोटाखाली अंगठा घातला आणि कवच डब्याच्या झाकणासारखं उचललं. मग एक तंगडी मोडली, दातांनी चिरली आणि आतलं पांढरंशुभ्र मांस पेट्रॉकच्या हातावर ठेवलं.

पेट्रॉकने ते खाल्लं. गोड होतं. इतकं गोड, की त्याला राग आला.

“आहे ना बरा?” आन्शोने हळूच विचारलं.

“पुढच्या शनिवारी येशील?” पेट्रॉक तितक्याच हळू म्हणाला.

“पुढच्या शनिवारी येणारच. पुढच्या वर्षीचं मला काय विचारतोस? यांना विचार.”

पेट्रॉकने हॉलकडे पाहिलं. मग थाळी उचलली आणि पहिल्या रांगेत दिली.

“घ्या. आपलाच आहे.”

याच बाकांवरून दर रविवारी दानाची थाळी फिरायची. हिला कसं धरायचं, पुढे कसं द्यायचं, हे सगळ्यांच्या हातांना पाठ होतं. क्लॅरेन्स म्हणाला, “डॉक्टरने मनाई केलीय,” आणि थाळी पुढे दिली. डोळे पुसणाऱ्या बाईने तोच रुमाल नाकाला लावला आणि पुढे दिली. शहरातल्या गृहस्थाने “वा, सुंदर!” म्हटलं, घड्याळ पाहिलं आणि पुढे दिली. दुसरी रांग, तिसरी, पाचवी. नुसता थाळीत कवच हलल्याचा आवाज येत होता.

शेवटच्या रांगेतून केरेन्साने ती आणून बापाच्या हातात दिली.

खेकड्याची एक तंगडी कमी होती. पेट्रॉकने खाल्ली, तेवढीच.