येतो

सर्व्हर सहाच्या आत बंद झाला, तर वृंदा तळवलकरला लेकीच्या नाटकाची तिसरी घंटा गाठता येणार होती. गेलेल्या माणसांची मनं सांभाळणाऱ्या त्या सर्व्हरवरचे एकोणचाळीस पाहुणे शहाण्यासारखे निजले. अडले ते केशवराव.

पाहुण्यानं स्वतः निरोप घेतला, तरच त्याची त्या दिवसाची आठवण जपली जाई. केशवराव दर वेळी म्हणत, "बरंय, येतो," आणि सर्व्हर त्यांना इमानदारीत पुन्हा सुरू करी.

"आजोबा, ही पाचवी खेप! 'जातो' म्हणा."

"असं अभद्र बोलतात का?"

"तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली!"

"म्हणून रीत सोडू?"

"अहो, म्हणा की एकदाचं," पडद्यासमोर बसलेल्या त्यांच्या पत्नी, इंदूताई, कळवळल्या. "नाहीतर ही जबरदस्तीनं बंद करेल. आजच मी तुम्हाला 'माझं चुकलं' म्हटलंय, ते पुसलं जाईल."

"तुझ्यासमोर 'जातो' म्हणू? मुळीच नाही."

सहाला दोन मिनिटं कमी होती. वृंदानं कपाळावर हात मारून घेतला आणि बटण दाबलं.

वृंदाला तिसरी घंटा मिळाली. केशवरावांची रीत राहिली. आणि बावन्न वर्षांच्या संसारात इंदूताईंनी पहिल्यांदाच काढलेले ते दोन शब्द त्यांना उद्या पुन्हा काढायचे होते.