दिनानाथकाकांची पोपटी

नाताळात चर्चची मंडळी रामवाडीच्या शेतात पोपटी लावते, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरून भोवती जाळ करते. मडकं मात्र उघडायचं दिनानाथकाकांनीच. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ पुढारी ना ते! गेल्या वर्षी घाईने स्वतःच उघडलेली पोपटी कच्ची निघाली म्हणून डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी कामावर असलेल्या जितेशला काकांनी चारचौघांत झापलं होतं. आज मडक्यावर पाणी शिंपडून, चर्र आवाजावरून शिजल्याचा अदमास घ्यायला जितेश पुढे झाला. "सरक, माझा अंदाज चुकत नाय," काका गुरकावले. उभ्यानेच नम्रतेसाठी ऐसपैस प्रार्थना करून त्यांनी मडकं उघडलं. वालाच्या शेंगा कच्च्या! सगळे तशाच चावत राहिले. कडक दाणा गिळून जितेश म्हणाला, "मस्त झालीय, काका." तेवढ्यावर निभावलं असतं. पण काकांनी तोंडातला दाणा तळहातावर काढला. "कच्ची हाय," ते सगळ्यांदेखत म्हणाले. शेंगा पुन्हा मडक्यात गेल्या. प्रार्थनेलाही न टेकणारे गुडघे राखेत टेकून काका जाळ फुंकू लागले. "जितेश, पाणी तू शिंपड."