टेकडीवरचं लाकडी घर

सत्यमनं रॉकेलचा डबा विश्वजितच्या दारावर रिकामा केला. घर गेममधलं होतं, पण जळफळाट खरा होता.

रविवारची दुपार. गारखेड्यातल्या खोलीत पंखा कुरकुरत होता आणि सत्यम जुन्या लॅपटॉपपुढं दातओठ खात बसला होता. त्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्सच चालायचं, आणि लिनक्सवाल्यांना या गेमचे मोठे सर्व्हर दारात उभं करत नसत. म्हणून तो हौशी पोरांनी चालवलेल्या या छोट्या सर्व्हरवर यायचा. त्याच्यापायी विश्वजितनंही आपल्या भारी कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं होतं. दोघं मित्र इथं मिळून उपाशी राहिले, लांडग्यांच्या तोंडी गेले, एका गळक्या झोपडीत राहिले.

मग विश्वजितच्या कॉलेजातली नीरजा खेळायला आली.

"सत्या, आज तू एकटाच खेळ बे," विश्वजित म्हणाला होता. "नीरजाला लई शिकवायचंय."

त्या 'आज'चा महिना झाला. झोपडी पडली. टेकडीवर त्या दोघांचं नवं घर उभं राहिलं. सत्यमला नीरजाचा हेवा वाटत होता, आणि हे कुणाला सांगायचीही चोरी होती. त्यानं विश्वजितचे फोन घेणंच सोडलं.

आज दोघंही ऑफलाइन होती. सत्यमनं काडी ओढली. घर भराभर पेटलं. त्याला इतकं बरं वाटलं, की मागं सरायचं भानच राहिलं नाही. आगीनं त्यालाही घेतलं.

या खेळात मेलेला माणूस पुन्हा उठतो तो ओसाड किनाऱ्यावर, उघडावाघडा. कुणी आपल्या घरात त्याच्या नावानं पलंग टाकून ठेवला असेल, तरच तिथं उठतो. सत्यमसाठी पलंग टाकणारं आता होतं कोण?

पडद्यावर मात्र दोन पर्याय आले. किनारा, आणि त्याखाली 'सत्यमचा पलंग, टेकडीवरचं घर'.

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यानं दुसरा पर्याय दाबला.

तो एका दगडी खोलीत उठला. बाहेर लाकूड तडतडत होतं. घर पेटल्याचा इशारा गेमनं त्या दोघांच्या मोबाइलवर धाडला असावा, कारण हेडफोनमध्ये नीरजाचा घाबराघुबरा आवाज आला.

"सत्यम? तू आलास! विश्वा किती वाट बघत होता. थांब, बाहेर येऊ नकोस, कुणीतरी आग लावलीय. तुझ्या खोलीला काही होणार नाही. मिळाला तेवढा दगड आम्ही तिलाच लावलाय."