धुक्यातल्या दोन रेषा

शिटी पुन्हा वाजली. इब्रामपूरच्या डोंगरावर धुकं इतकं दाट होतं, की आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा वाटत होता. महादेवने कान देऊन होकायंत्र आवाजाच्या रोखाने धरलं, काटा स्थिर होऊ दिला आणि नकाशावर रेष ओढली. मग कड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुढच्या शिटीला तेच केलं. दोन्ही रेषा खालच्या ओहोळापाशी एकमेकींना छेदत होत्या. श्रीनाथ तिथेच होता.

नकाशा वाचता येणारा तिथे महादेव एकटाच. बाकी कोयते घेऊन आलेले गावकरी. आणि श्रीनाथची बायको संजना, ओलीचिंब.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी डिचोलीत गिर्यारोहण मंडळ निघालं, ते या दोघा मित्रांनीच काढलेलं. पण अध्यक्ष झाला श्रीनाथ. हिमालयातल्या शिबिराला गेला श्रीनाथ. महादेव विचारायचं धाडस गोळा करत होता, तोवर संजनाला मागणी घातली तीही श्रीनाथनेच. त्या लग्नात महादेवने पंगतीला वाढलं आणि पुन्हा कधी त्यांच्या घराची पायरी चढला नाही. काल एकटा डोंगरात गेलेला श्रीनाथ परतला नाही, हे कळल्यावर त्याला क्षणभर बरं वाटलं होतं.

"खंय आसा तो?" संजनाने विचारलं.

महादेवचं बोट नकाशावर होतं. ते जरा डावीकडे सरकलं, तर सगळे पलीकडच्या खोऱ्यात उतरणार होते. दोष धुक्याला देता आला असता. बोट सरकलंही.

शिटी आली. या वेळी अगदी क्षीण.

"ओहोळार," महादेव घाईने म्हणाला. "माझ्या फाटोफाट येवा."

काट्यावर नजर ठेवून तो जवळजवळ धावतच उतरला. श्रीनाथ दगडाला टेकून पडला होता. पाय मोडलेला, ओठ निळे. मागून संजना घोंगडी घेऊन येत होती. ती पोचायच्या आत श्रीनाथने महादेवचा हात धरून त्याला खाली ओढलं.

"घरात उठता-बसता ती तुझाच नाव घेता," तो पुटपुटला. "तुझ्या जाग्यार मी आसतंय, तर दुसरीच दिशा दाखवली आसती."