फेमसचा तिसरा अर्थ

"काका, फेमसच्या तिसऱ्या अर्थाला वाक्य मिळालं का?" संपादकबाईंनी दारातूनच विचारलं. "नसेल तर तो अर्थच उडवा. उद्या सकाळी कोश छापायला जातोय."

"बघतो," काका म्हणाले. एकोणतीस वर्षं ते हेच म्हणत आले होते.

बाई निघाल्या आणि पुन्हा वळल्या. "आणि हो, तुमचं नाव पहिल्या पानावर घ्यायला वरून होकार आलाय. फक्त आज थांबून शेवटची पानं वाचून द्या."

काकांनी नुसती मान हलवली. या एका ओळीसाठी त्यांनी अर्ज केले होते, साहेब लोकांचे उंबरठे झिजवले होते. आता नाव येणार, तर आनंद करायलाही अंगात त्राण नव्हतं. डोळे चुरचुरत होते आणि पाठ तर केव्हाच कामातून गेली होती. सवयीने त्यांनी घरी फोन लावला. "आज उशीर होईल." पलीकडून बायको "बरं" म्हणाली. 'का' विचारणं तिने कधीच सोडून दिलं होतं.

कोशाची रीत मोठी कडक. मनाने रचलेलं वाक्य चालत नसे. कार्डाच्या पुढच्या बाजूला कोणीतरी खरोखर बोललेलं वाक्य लिहायचं, आणि मागे लिहायचं ते कोण म्हणालं, कोणाबद्दल आणि कधी. मागची बाजू कोरी असेल तर कार्ड थेट टोपलीत. फेमसचे दोन अर्थ मार्गी लागले होते: सगळीकडे नाव झालेला माणूस, आणि गिऱ्हाइकांची रीघ लागते ते दुकान. घोडं अडलं होतं तिसऱ्यापाशी: एखाद्या खोडीसाठी आपल्या चार माणसांत माहीत असलेला.

काकांनी सगळ्यात जुना खोका ओढला. तेव्हा कचेरीत माणसं कमी, म्हणून घरची मंडळीही वाक्यं टिपून द्यायची. तळाशी एक पिवळं पडलेलं कार्ड निघालं. 'उशिरा येण्यात ते फेमस आहेत, त्यांचं ताट झाकूनच ठेवायचं.' काकांना हसू आलं. हवं होतं अगदी तसंच वाक्य. त्यांनी कार्ड उलटलं, मागचं वाचलं आणि खुंटीवरची पिशवी काढली.

बाई परत आल्या. त्यांना काकांच्या हातात कार्ड दिसलं. "मिळालं? वा. मग पानं पाठवू?"

काका पिशवी खांद्याला लावून उभे होते. खिडकीबाहेर अजून ऊन होतं.

"नको. मी घरी निघालो."

"आणि नाव?"

"राहू दे."

"काका, इतकी वर्षं वाट बघितलीत. आता एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे."

काकांनी कार्ड उलटं करून त्यांच्यापुढे ठेवलं. बायकोचं गोल गोल अक्षर जराही पुसलं नव्हतं.

'कोण म्हणालं: मी. कोणाबद्दल: आमचे हे. कधी: रोज.'