अपेंडिक्सची तोंडी परीक्षा

“कुठे कापणार?” प्राध्यापकांनी विचारलं.

“बेंबी आणि कमरेच्या हाडाचं टोक जोडणाऱ्या रेषेवर,” तरुण सर्जन म्हणाली. “हाडाच्या बाजूला.”

“पोपटपंची! पाठांतर येतंच तुला. हात चालत नाही.”

सिस्टरनं निमूटपणे सुरी पुढे केली. दोन्ही वरिष्ठ सर्जन परिषदेसाठी परगावी होते आणि अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, म्हणून हे ऑपरेशन तिच्या गळ्यात पडलं होतं. प्राध्यापकांच्या ते घशाखाली उतरत नव्हतं. त्यांनी तिला दोनदा नापास केलं होतं. दुसऱ्या खेपेला तिचे वडील रदबदलीला घरी आले, तेव्हा त्यांना दारातच उभं ठेवून ते म्हणाले होते, “पोरीला दुसरं काहीतरी शिकवा. ज्यात माणसं मरत नाहीत असं.”

तिनं कापायला सुरुवात केली.

“आता कुठल्या थरात आहेस?”

“चरबी संपली. बाहेरचा तिरपा स्नायू.”

“धागे कुठल्या दिशेनं?”

“खिशात हात घालावा तसे. खाली, मधल्या बाजूला.”

“कापू नकोस, फाकव. नाहीतर चिरशील भाजीसारखं!”

ती आतला तिरपा, मग आडवा स्नायू बाजूला सारत गेली. पोटाचं पातळ अस्तर उघडलं. मास्कवरचे तिचे डोळे तेवढे प्राध्यापकांना दिसत होते. बाकी सगळं हिरव्या कपड्याआड.

“सापडलं?”

“नाही.”

“वाटलंच! मोठ्या आतड्यावरच्या पट्ट्या धरून खाली ये. आंधळ्यालाही सापडतं ते.”

“पट्ट्यांच्या टोकाशीच आहे. पण आतड्यामागे दडलंय.”

तिनं आतडं हलकेच ओढलं. प्राध्यापकांना एकदम मळमळून आलं. कण्यात भूल देऊन उशाशी बसलेला भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे बघत म्हणाला, “नाडी मंदावतेय.”

“हिच्या हाती सुरी दिलीच कोणी?” प्राध्यापकांचा आवाज चिरकला. “काही झालं तर जबाबदार कोण?”

“मी,” ती म्हणाली आणि तिनं आतडं सैल सोडलं.

तिच्या कपाळावरचा घाम सिस्टरनं टिपला. नाडी हळूहळू वर आली. मग तिनं बोट मागे सरकवलं, चिकटलेला भाग हळुवार सोडवला आणि सुजलेलं, काळं पडू लागलेलं अपेंडिक्स अख्खं बाहेर आणलं. फुटलं नव्हतं. तिनं ते बांधलं, कापलं, ट्रेमध्ये टाकलं.

“नशीब तुझं,” प्राध्यापक गुरगुरले. “अजून शिवायचंय. त्यात घोळ घालशीलच. मागच्या परीक्षेत तर तू...”

तिनं सुई हवेतच थांबवली आणि पडद्यावरून वाकून पाहिलं.

“सर, आता तोंड मिटा. तुम्ही बोललात की तुमचं पोट हलतं, आणि मला टाका घालता येत नाही.”