सावनीच्या वाट्याला

बत्तिसाव्या वर्षीच माझ्या नवऱ्याचा, श्रीनिधीचा, हात थरथरू लागला. तपासणीत पार्किन्सन्स निघाला, तोही जनुकातल्या दोषामुळे. मला मात्र मांडीवरच्या सावनीची धास्ती बसली.

केशवापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दोष आई आणि वडील, दोघांकडून आला तरच आजार होतो, अक्का. पोरीला वडिलांकडून तर आलाच आहे. पण तुम्ही बाहेरच्या घरातून आलेल्या असाल, तर सहसा भीती नसते."

मी सावनीला छातीशी घट्ट धरलं. सासूबाईंनीच ताठ मानेनं सांगितलं,



"बाहेरची कशाला करू, बाई? आमच्यात भाचीवर मामाचा पहिला हक्क असतो. माझ्या थोरल्या लेकीचीच लेक केलीय मी श्रीनिधीला!"